बँकेचा उतारा, जसाच्या तसा

बँकेकडून आलेला खात्याचा उतारा मी दुकानाच्या चोपडीत जसाच्या तसा उतरवला. एक आकडा चुकला नाही, एक शून्य सांडलं नाही. चूक म्हणतात ती हीच.

ज्यांना हिशेबाची सवय आहे त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. बँक आपल्या कागदावर तुमच्या खात्यात जमा दाखवते, तेव्हा ती कबूल करते की तुमचे पैसे तिच्याकडे आहेत. तुमच्या चोपडीत तीच रक्कम पलीकडच्या बाजूला, बँकेच्या नावे पडायला हवी; कारण येणं तुमचं आहे आणि देणं तिचं. दोन माणसं समोरासमोर जेवायला बसली की एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या डाव्या हातासमोर येतो, इतकंच ते आहे. मी दोघांना एकाच पाटावर बसवलं. त्यामुळे दुकानाची जी शिल्लक बँकेत सुखानं पडून होती, ती आमच्या चोपडीत बँकेचं देणं होऊन बसली.

आणि मी बी.कॉम. होतो. अकोल्याच्या कॉलेजातून झालो होतो. दुसऱ्या खेपेला झालो होतो, पण हे मी तेव्हा कुणाला सांगत नसे.

दुकान कारंज्यात होतं, सरकी आणि ढेपेचं. ढोरांचा खुराक. त्या वर्षी पाऊस असा काही रुसला होता की बाजारात ढोरं विकायला येत होती आणि खुराक विकत घ्यायला कुणी येत नव्हतं. पोत्यांची थप्पी होती तशीच होती. दुकानात माणसं तीन. शेठ, काट्यावरचा मापारी आणि मी. माझ्या आधी एक म्हातारे मुनीम होते. ते त्या पावसाळ्यात वारले आणि मागं मोडीत लिहिलेल्या चोपड्यांची चळत ठेवून गेले. मला मोडीचं अक्षर लागत नव्हतं. शेठला मोडी येत होती, पण इंग्रजी येत नव्हती. बँक उतारा पाठवायची तो इंग्रजीत, टाईप करून. थोडक्यात, मुनिमांच्या आणि बँकेच्या मधे मी एकटाच उभा होतो, हे शेठचं दुर्दैव.

मापाऱ्याला मी मामा म्हणायचो. विहाराच्या गल्लीत त्याचं घर. शेठनं त्याला काट्यावर ठेवलं तेव्हा बाजारात थोडी कुजबुज झाली होती म्हणे. शेठनं ऐकून घेतलं आणि काटा त्याच्याच हातात राहू दिला. उंच, वाळका माणूस. पोतं काट्यावर चढलं की मोठ्या गळ्यानं मोजायचा. पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही रीत. "लाऽऽभ," असा त्यानं आवाज लावला की समोरच्या चहावाल्याला कळायचं, दुकानात गिऱ्हाईक आलं. त्या वर्षी तो आवाज कमीच यायचा.

त्याची एकच पोरगी, मॅट्रिकच्या वर्गात होती. त्यांच्या गल्लीतून मॅट्रिकला बसणारी पहिली मुलगी. परीक्षेचा फॉर्म आला तेव्हा तो घेऊन मामा दुकानात आला.

"बाबू, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय. भरून द्या बरं."

मी खिशातून पेन काढलं. त्या पेनाचा मला फार गर्व होता. फॉर्म भरला. फीची रक्कम वाचून दाखवली. मामा म्हणाला, "दिवाळीनंतर शेठले उचल मांगतो. देतेत थे. कधी नाई म्हनलं नाई."

"देतील की. मी सांगतो त्यांना," मी म्हणालो. नोकरीला लागून दोन महिने झाले नव्हते आणि मी शेठला सांगणार होतो.

दिवाळीला चोपडीपूजन झालं. नव्या चोपड्या आल्या, लाल कापडाच्या, कोऱ्या वासाच्या. मोडीचा जमाना संपला, आता बालबोध, असं मी जाहीर केलं. शेठ नुसते हसले. बाकीची सगळी खाती त्यांनी मोडीतून वाचून दाखवली आणि मी नव्या चोपडीत मांडली. बँकेचं खातं आलं तेव्हा मी हात वर केला.

"हे राहू द्या शेठ. बँकेचा उतारा आलाय. त्यावरूनच घेतो. जुनं कशाला उकरायचं?"

त्यांच्या तोंडून जुनी बाकी ऐकली असती तरी बाजू कळली असती. पण मला इंग्रजी वाचून दाखवायची हौस होती. एका दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, मी तो उतारा उतरवून काढला. डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा. पुस्तकात तसंच होतं. नावेचं नावेत, जमेचं जमेत. खाली रेघ मारली, बाकी काढली. ती उताऱ्याशी पैशापैशानं जुळली. जुळणारच की! आरशात पाहून आपलं तोंड जुळलं म्हणून खूष होण्यातला तो प्रकार. मी खूष होऊन चोपडी शेठपुढं ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. पान पाहिलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत पाहिलं.

"इतके?"

"इतके," मी म्हणालो. मला वाटलं, एवढी शिल्लक साठली म्हणून माणूस हबकला.

"पक्कं पाह्यलं तू?"

"दोनदा बेरीज केली. अन् बँकेनंच लिहिलंय शेठ."

"त्यायनंच लिहून धाडलं?"

"हो. इंग्रजीत. टाईप करून."

टाईप केलेल्या इंग्रजीपुढं त्या काळी कुणाचं काही चालत नसे. शेठनं चोपडी मिटली.

त्यांना खोटं वाटायला जागाही नव्हती. बँकेच्या मॅनेजरनं आग्रह करकरून त्यांना शिलकेपेक्षा जास्त उचलायची सोय करून दिली होती. मुनीम असताना ती कधी वापरावी लागली नाही. पण मुनीम गेले, मधले दोन-तीन महिने चेक कोणते गेले, कशाचे गेले, याचा नीट पत्ता नव्हता. दुष्काळात माल अडकलेला. शेठच्या मनात आलं असेल, उचलले असतील पैसे, आपल्याला कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गादीजवळ बोलावलं. "बीकॉम, आता हात आखडता घ्या लागते. बँकेचं देनं झालं."

देणं? मी चोपडी उघडली. पानावर तसंच दिसत होतं. बँक जमेच्या बाजूला बसली होती, म्हणजे देणंच. आपणच लिहिलेलं पान आपणच वाचून मी घाबरलो. एक शंका डोक्यात चमकून गेली, नाही असं नाही. उताऱ्यावर शेवटच्या आकड्यापुढं क्रेडिट असं होतं आणि क्रेडिट म्हणजे काहीतरी बरंच असावं, असं अंधुक आठवत होतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे सांगायचं. मी चोपडी मिटली. दुसऱ्या खेपेत पास झालेला माणूस शंकांना फार थारा देत नाही.

"बँकेत जाऊन विचारायचं का?" एवढं मात्र मी म्हणालो.

"रिकाम्या हातानं? ज्याचं देनं हाय त्याच्या दारात रिकाम्या हातानं जात नसतेत, बापा. आधी रक्कम जमवतो. मंग जाऊ."

या बाजारात ती शिस्त होती आणि शेठ त्या शिस्तीचे पक्के होते. त्यांनी थप्पीतली सरकी मिळेल त्या भावानं काढली. घरचं दुभतं जनावर विकलं. आणि दोनपैकी एका नोकराला कमी करायचं ठरवलं.

दोनपैकी कोणाला, ते त्यांनी माझ्यासमोरच ठरवलं. "काटा मी धरीन. पन थे इंग्रजी कागद मले वाचता येत नाई," ते म्हणाले. म्हणजे ज्या कागदाची मी वाट लावली होती, त्याच कागदानं माझी नोकरी वाचवली. तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मला फक्त हायसं वाटलं, आणि ते मी अजून विसरलो नाही.

मामाला सांगितलं तेव्हा तो उचल मागायलाच आला होता. फॉर्मची घडी सदऱ्याच्या खिशात होती. शेठ खाली बघून बोलत होते. मामानं सगळं ऐकून घेतलं.

"बरं शेठ."

"धंदा सुदरला की पैले तुले बलावतो."

"बरं."

मी त्याचा हिशेब केला. महिन्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्यातनं फी भागली असती, पण मग घरात खायचं काय, हा हिशेब त्यानं तिथंच उभ्याउभ्या केला असावा. खिशातली घडी त्यानं काढली नाही. काट्याच्या साखळ्या एकमेकींत अडकल्या होत्या त्या सोडवल्या, पारडी सरळ केली आणि गेला.

माझ्याकडे पैसे होते. दिवाळीला मी टेरिलीनचा शर्ट शिवला होता आणि दुसऱ्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. द्यावेत असं मनात आलं. मग वाटलं, शेठला ते बरं दिसणार नाही. मग वाटलं, मामालाच अपमान वाटेल. असं दोघांच्याही अब्रूची काळजी घेत मी शर्ट शिवला.

मामा बायको आणि पोरीला घेऊन कामरगावकडे दुष्काळी कामावर गेल्याचं कळलं. रस्त्यासाठी गिट्टी फोडायचं काम. घरटी जितके हात, तितकी हजेरी.

दुकानात शेठ स्वतः काट्याला उभे राहू लागले. पोतं चढलं की तोंडातल्या तोंडात मोजायचे. पहिल्याला लाभ म्हणायचे, पण तो आवाज समोरच्या चहावाल्यापर्यंत जात नसे. त्यानं एकदा मला विचारलं, "काहो बीकॉम, दुकान बंद हाय की चालू?"

महिना उलटून गेला आणि बरीचशी रक्कम जमली. शेठनं ती कापडी पिशवीत घातली, वर टोपी नीट बसवली आणि मला बरोबर घेऊन बँकेत गेले. मॅनेजर उठून उभे राहिले. शेठ बसले नाहीत. पिशवी टेबलावर ठेवून हात जोडले.

"सायेब, जरा उशीर झाला. माल अडकला होता. हे घ्या, अन् उरलेले होळीपर्यंत देतो."

मॅनेजरांना काही कळेना. "हे कशाचे?"

"बँकेचं देनं."

त्यांनी घंटी वाजवून आमच्या खात्याचं पान मागवलं. वाचलं. मग शेठकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या काखेत चोपडी होती. त्यांनी ती मागून घेतली, पान उघडलं आणि त्यांचं तोंड हसण्याआधी माणसाचं होतं तसं झालं. पण ते हसले नाहीत. त्या भल्या माणसाचे माझ्यावर तेवढे उपकार आहेत.

"शेठजी, तुमचं काही देणं नाही. तुमचेच आमच्याकडे पडलेत. यांनी आमचा कागद आमच्याच बाजूनं उतरवलाय."

शेठ तेव्हा खुर्चीत बसले.

ते माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तडक दुकानाकडे निघाले. दुकानाची कुलपं काढली, गादीवर बसले आणि म्हणाले, "गाय तं गेली. सरकी बी गेली. थे जाऊ दे. त्याले घेऊन ये."

"कोणाला?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"तुह्या मामाले!"

मी एस्टीनं कामरगावला उतरलो आणि तिथून पायी गेलो. लांबूनच ठणठण ऐकू येत होती. उघड्या माळावर दगडांचे ढीग, आणि प्रत्येक ढिगामागं एक घर बसलेलं. बाप फोडतोय, आई फोडतेय, पोरं टोपलीत भरतायत. मामा मला ओळखू आला नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या भुकटीनं माखला होता. पोरगी टोपली डोक्यावर घेऊन मुकादमाच्या मापाच्या पेटीत ओतत होती आणि मामाच मोजत होता. एक, दोन, तीन. इथं पहिल्याला एकच म्हणत होता.

मी त्याच्या समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. बाजू कशी असते, मी कशी लिहिली, बँकेत काय झालं. सांगताना थोडं हसतखेळतही सांगितलं असेल, तशी मला वाईट सवय आहे. तो हातोडी मांडीवर ठेवून ऐकत होता.

"म्हंजे पैसे होते?"

"होते मामा."

"तवाबी होते?"

"तेव्हाही होते."

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं पुढचा दगड घेतला.

"शेठनं बोलावलंय. आजच चला."

"आज नाई येत. हप्त्याची हजेरी बुडते. पगार झाला की येतो." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "अन् पोट्टीचा फारम?"

पोरगीच पेटीजवळून म्हणाली, "त्याची तारीख गेली, बाबा. मले ठावं हाय."

"मी हेडमास्तरांना भेटतो," मी म्हणालो. "माझी चूक आहे, मी सांगतो त्यांना." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. मग ती रिकामी टोपली घेऊन वळली.

हेडमास्तरांना भेटलो. टेरिलीनचा शर्ट घालून गेलो, वजन पडावं म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फी मी भरतो म्हणालो, दंड असेल तर तोही भरतो म्हणालो. ते म्हणाले, "दंडाचीही तारीख गेली हो. फॉर्म बोर्डाकडे रवाना झाले. आता पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी, हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मलाही ते सहज वाटलं. एका वर्षानं काय होतं?

काय होतं ते सांगून टाकतो. उन्हाळ्यात रिसोडकडचं स्थळ आलं. दुष्काळात हुंडा न मागणारं स्थळ कोण परत पाठवतं? मामानं पाठवलं नाही. लग्नाला शेठ गेले, मीही गेलो, जेवलो. भरलेला फॉर्म त्यांच्या घरी फडताळात बरीच वर्षं होता असं म्हणतात. त्यावरचं अक्षर माझं, मोत्यासारखं.

पण हे नंतरचं. तेव्हा मी पगाराच्या दिवशी पुन्हा कामरगावला गेलो, त्यांचं सामान एस्टीत चढवायला मदत होईल म्हणून. खरं तर हेडमास्तरांचं उत्तर आपणच सांगावं, एवढी तरी लाज होती. माळावर पगार वाटून झाला होता. मामाची बायको भांडी गोणपाटात बांधत होती. पोरगी दोरीची गाठ मारत होती.

"नाही म्हणाले," मी सांगितलं. "पुढच्या वर्षी म्हणाले."

दोरीची गाठ घट्ट बसत नव्हती. तिनं ती सोडून परत मारली. मामा आपल्या ढिगाशी उभा होता. मोजून झालेला ढीग, त्याच्यावर मुकादमाचा चुन्याचा शिक्का. ते मला सोसेना. मी म्हणालो, "चोपडी मात्र आता नीट केली मामा. ते पान पुरं बदललं. सगळं ज्या त्या बाजूला मांडलं."

मामानं खाली वाकून एक गोटा उचलला. हातात फिरवून पाहिला, नुसता, आणि माझ्या हातात दिला.

"बाबू, आमी जातो. तुमी राहा इथं गिट्टी फोडाले. गोटा या बाजूनं ठेवला काय न त्या बाजूनं ठेवला काय, कोनाचं घर नाई बुडत."